ब्रांटपर्यंतचे एकाहत्तर मैल

हेस्टाड
रविवार, ९ जून २०१९

ड्वेन,

लेस्टर गेला हे तुझ्या कानावर आलं असेल. मागल्या वर्षी फेब्रुवारीत गेला, फुप्फुसांच्या दुखण्याने. मी कळवलं नाही. बावीस वर्षं अबोल्यात काढल्यावर सख्ख्या भावाला पहिला शब्द लिहायचा तो नवऱ्याच्या मरणाचा, हे मला जमेना. शिवाय तुझी इरीन गेली तेव्हा मी आले नव्हते. मग तू यावंस असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

उद्या सकाळी मी तुझ्याकडे यायला निघते आहे. सायकलने. हसून घे. सत्तर पूर्ण झाली आहेत, पण गुडघे अजून जन्माचेच आहेत. हेस्टाडच्या जुन्या स्टेशनापासून तुमच्या ब्रांटच्या स्टेशनापर्यंत एकाहत्तर मैल, सगळी डांबरी वाट. "आगगाडीला चढ झेपत नव्हता बाई, म्हणून तुम्हालाही लागणार नाही," असं सायकलच्या दुकानातला माणूस म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "बॅटरीवाली दाखवू का?" मी म्हटलं, साधी दाखव.

गाडीने दोन तासांत पोचले असते, हे मलाही कळतं. वसंतात तीनदा गाडीने निघाले आणि तिन्ही वेळा अर्ध्यातून वळले. मोटार वळवायला फार सोपी असते. त्या सायकलवाटेवर मात्र निम्म्याच्या पुढे गेलं, की मागे यायलाही तेवढंच पायडल मारावं लागतं. शिवाय ती वाट झाल्यापासून मी तिच्यावर पाऊल टाकलेलं नाही. गावातली माणसं रोज संध्याकाळी तिथे फिरायला जातात. मला विचारतात तेव्हा मी गुडघ्यांचं निमित्त सांगते.

मुद्द्याचं आत्ताच लिहिते, नाहीतर चौथ्यांदा वळेन.

तार लेस्टरने बांधली होती.

तुला सगळं पाठ आहे. तरी लिहिते, कारण मी हे एकदाही कागदावर उतरवलेलं नाही. रूळ उखडले तेव्हा आपल्याला वाटलं, रेल्वेने आजोबांकडून घेतलेली पट्टी आता शेताला परत मिळणार. मिळाली नाही. काउंटीने तिच्यावर डांबर टाकलं. शहाण्णवच्या मार्चमध्ये सभागृहात तू उभा राहून म्हणालास, "माझ्या शेतातून रंगीत चड्ड्या घालून कोणी गेलं, तर मी आडवी तार ओढीन." लोक हसले. मीही हसले. सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी, धुक्यात, सेंट वेन्सलची बर्नाडेट स्लाविक खरोखरच एका तारेवर आदळली. आपल्याच शेताजवळ, नवव्या मैलाला. मग कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. शेरीफच्या माणसांनी तुला दोनदा नेलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. गावाने सोडलं नाही.

मला हे लेस्टरने शेवटच्या आठवड्यात सांगितलं. नळ्या लावलेल्या होत्या, आवाज निघत नव्हता. "ती तार मी," एवढंच म्हणाला. तोपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं.

ही पत्रं मी वाटेवरच्या पोस्टात टाकत येणार आहे. ती माझ्याआधी पोचतील. वाचून दार बंद ठेवावंसं वाटलं तर ठेव. मी तुझ्या पायरीवर बसून पाणी पिईन आणि परत जाईन.

मार्लिस

&nbsp;

लुंड प्रेरी
सोमवार, १० जून

ड्वेन,

एकोणीस मैल झाले. मोटेलच्या पलंगावर पोटावर झोपून लिहिते आहे, कारण बसवत नाही. सायकलच्या सीटबद्दल दुकानदाराने एक अक्षर सांगितलं नव्हतं.

वाट सुरेख आहे, हे मला कबूल करावं लागतंय. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच शेतं उघडतात, मका घोट्याच्या थोडा वर आलाय. यंदा पेरण्याच उशिरा झाल्या. कॉटनवुडच्या झाडांचा कापूस डांबरावर साचलेला, त्यातून चाक जातं तेव्हा आवाज होत नाही. थंडीत जमीन फुगते त्याच्या आडव्या भेगा मात्र ठराविक अंतरावर येतात आणि प्रत्येक भेग माकडहाडापर्यंत पोचते. एक नवरा-बायको मागून आले. दोघांची जाकिटं सारखी पिवळी. बाई ओरडली, "डावीकडून जातोय हं!" मी एवढी दचकले की गवतातच गेले. ती थांबली, उतरली, माझी सायकल उभी केली. "पहिल्यांदाच येताय?" मी हो म्हटलं. "मग आजचा दिवस वाईट जाईल, उद्याचा त्याहून वाईट, आणि परवापासून तुम्ही सोडणार नाही." नवरा म्हणाला, "घाबरवू नकोस त्यांना." ती म्हणाली, "मी धीर देतेय!"

नवव्या मैलाला मी उतरले.

आपण गुरं पलीकडे न्यायचो ती भरावाखालची बोगदी अजून आहे. वर, जिथे वाट दोन खांबांमधून जाते, तिथे आता बाक ठेवलाय. बाकावर कोणाचंसं नाव आहे, बर्नाडेटचं नाही. मी बसले नाही. सायकल धरून उभी राहिले आणि काल तुला जे लिहिलं ते डोक्यात परत वाचलं.

ते खोटं आहे, ड्वेन. शेवटच्या आठवड्यात लेस्टरने सांगितलं हे खरं. तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं हे खोटं.

त्या शनिवारी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. सात वाजून गेले होते. अँब्युलन्सचा भोंगा गावाकडून आला, आपल्या फाट्यावर वळला आणि शेताच्या बाजूला येऊन थांबला. लेस्टरने काटा खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मुलं टीव्हीपुढे होती. मग त्याने टोपी घेतली आणि तो गोठ्याकडे गेला. भोंग्याकडे नाही, गोठ्याकडे. मला तिथेच कळलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तू आमच्या स्वयंपाकघरात आलास. गावात तुझ्याशी कोणी बोलत नव्हतं, इरीनला दुकानात बाया पाठ दाखवत होत्या. तू खुर्चीवर बसलाही नाहीस. म्हणालास, "बाकीच्यांचं जाऊ दे. तुला तरी वाटतं का, की मी केलं?" मी पावाचं पीठ मळत होते. मी मळतच राहिले. तू किती वेळ उभा होतास मला सांगता येणार नाही. मग जाळीचं दार आपटलं. पुढच्या आठवड्यात तू शेताचा वाटा विकलास.

ते पीठ फुगलं नाही. मी ते गुरांना टाकलं.

काल मी पुन्हा खोटं लिहिलं, तेही इतक्या वर्षांनी आणि तुलाच. वाटलं, निदान एवढं तरी झाकून यावं. ते पत्र आज सकाळी निघताना पेटीत टाकून बसले, नाहीतर फाडलं असतं.

मार्लिस

&nbsp;

सेंट वेन्सल
बुधवार, १२ जून

ड्वेन,

काल वाऱ्याने तोंड फोडलं. पश्चिमेचा वारा आणि वाट सरळ पश्चिमेला, आडोसा नाही. एकोणीस मैलांना सहा तास लागले. मोठ्या ओढ्यावरच्या लाकडी पुलावर तर मी उतरून चालत गेले. इथे पोचले आणि स्टेशनाच्या इमारतीत आईस्क्रीमचं दुकान आहे, तिथे बाकावर बसून राहिले. दुकानातल्या मुलीने न मागता पाणी आणून दिलं. "कुठे उतरलात?" तिने विचारलं. मी उलट विचारलं, "स्लाविकबाई अजून इथेच राहतात का?"

हे मी आधी ठरवलं नव्हतं. खरंच नाही. बर्नाडेटचं गाव वाटेत लागतं हे माहीत होतं. पण मी मान खाली घालून पुढे जाणार होते.

आज सकाळी गेले. चर्चच्या मागचं पांढरं घर. ती मागच्या ओट्यावर ऱ्हुबार्बचे आंबट देठ चिरत बसली होती. उजव्या हाताने सुरी, आणि डाव्या हाताने देठ नुसता दाबून धरलेला, कारण त्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. ती तेव्हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, आठवतंय ना?

"कोण? ते शिरस्त्राण काढ आधी, म्हणजे कळेल."

मी हेल्मेट काढलं. "मार्लिस क्वाम. हेस्टाडची. एंगेनांची मुलगी."

"अगं बाई! सायकलवर? या वयात?" ती हसली. "बस की, उभी काय राहिलीस."

मी बसले नाही. बसले असते तर कॉफी आली असती, मग केक, मग हवामान, आणि मी निघाले असते. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. तार माझ्या नवऱ्याने बांधली होती. ड्वेनचा त्यात काही संबंध नव्हता. मला ठाऊक होतं.

तिने सुरी खाली ठेवली. "केव्हापासून?"

आणि ड्वेन, तिला मी जे सांगितलं ते तुला कालपरवाच्या दोन्ही पत्रांत सांगितलं नव्हतं. शनिवारपासून नाही. आदल्या दिवसापासून. शुक्रवारी संध्याकाळी लेस्टर जेवायला आला आणि मोरीवर खूप वेळ हात धूत राहिला. म्हणाला, "उद्या तिथून कोणी फटफट्या पळवणार नाही." तेव्हा पोरं मोटारसायकली घालायची त्या वाटेवर, वासरं बुजायची. मी विचारलं, "काय केलंस?" म्हणाला, "तार लावलीय. घाबरू नकोस, चिंधी बांधलीय, लांबून दिसते." मी म्हटलं, "कोणाला लागायचं नाही ना?" आणि बटाटे परतायला वळले. शेतापर्यंत दहा मिनिटांची वाट. बाहेर उजेड होता. मी बटाटे परतले.

बर्नाडेटने हातातला देठ बाजूला ठेवला. मग म्हणाली, "चिंधी नव्हती."

"तो म्हणाला होता..."

"तो म्हणाला ते तू ऐकलंस. मी त्या तारेखाली वीस मिनिटं उताणी पडले होते, मार्लिस. बघायला दुसरं काहीही नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली मी ती. चिंधी नव्हती."

मला बसावंच लागलं.

"तू भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन आली होतीस," ती म्हणाली. "मी दवाखान्यातून आले त्या आठवड्यात. मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. तू माझी पाठ थोपटलीस."

"हो."

"आणि तुझा भाऊ. एकदा बियाणांच्या दुकानात भेटला. माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. मी म्हटलं, तुझ्या हाताने उघडलेल्या दारातून मी जाणार नाही. सगळ्यांसमोर. त्याने दार सोडलं, बाजूला झाला, आणि मी स्वतः उघडून आत जाईपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला." ती रडत नव्हती. चिडली होती, गाल लाल झाले होते. "तुम्ही मला तेसुद्धा करायला लावलंत."

मी माफी मागायला लागले. तिने तो डावा हात वर केला. "तुझा पस्तावा मला देऊ नकोस. मला ठेवायला जागा नाही. तू सभागृहात जा. जिथे तुम्ही सगळे हसलात तिथे. उभी राहा आणि नाव घेऊन सांग. मी येऊन बसेन, कारण तू सांगशील यावर माझा भरवसा नाही."

"माझी मुलं..." मी म्हटलं.

"तुझ्या भावालाही वाटलं असेल, माझी बायको," ती म्हणाली, आणि सुरी उचलून पुन्हा चिरायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पुढे बारा मैल पाणी नाही. बाटल्या भरून घे नळावर."

मी भरून घेतल्या. पाऊस लागलाय, म्हणून आज इथेच आहे. हे पत्र आत्ता टाकते. शनिवारी तुझ्या गावात असेन.

मार्लिस

&nbsp;

हेस्टाड
बुधवार, २ ऑक्टोबर २०१९

ड्वेन,

जूनमधल्या त्या शनिवारचं मी तुला काय सांगणार, तू तिथेच होतास. पण तू म्हणालास, "बोलू नकोस. तू बोलताना खोटं सांगतेस आणि लिहिताना हळूहळू खऱ्याकडे येतेस. लिही." म्हणून लिहिते.

शेवटचे तेहतीस मैल मला फारसे आठवत नाहीत. उन्ह, भेगा, लाल पंखांचे काळे पक्षी डोक्यावर झडप घालत होते एवढं आठवतं. ब्रांटची धान्याची कोठारं तासभर आधीपासून दिसत होती आणि जवळच येत नव्हती. तुझं दार उघडं होतं. तू ओट्यावर बसला होतास आणि तिन्ही पत्रं मांडीवर होती. तू इतका आपल्या बाबांसारखा दिसायला लागला आहेस की मी ब्रेक दाबायचा विसरले आणि तुझ्या कुंपणाला धडकले. तू उठला नाहीस. "उतरायला शिकवलं नाही का कोणी?" एवढंच म्हणालास. मग पाणी आणलंस.

"पहिल्या पत्रात शेवटचा आठवडा," तू म्हणालास, "दुसऱ्यात शनिवार, तिसऱ्यात शुक्रवार. प्रत्येक पत्रात मागे मागे जातेस. अजून मागे काही आहे?"

"नाही. एवढंच."

"मग आता माझं ऐक." आणि तू सांगितलंस ते मी गेले साडेतीन महिने घेऊन फिरते आहे. शेरीफच्या माणसाने ती तार टेबलावर ठेवून तुला दाखवली, तेव्हाच तुला कळलं होतं. पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसाने दिलेला. आपल्या अख्ख्या फाट्यावर तारेला तसा पीळ देणारा एकच माणूस होता, आणि तू त्याच्याबरोबर पंधरा वर्षं कुंपणं घातली होतीस. तू तिथे गप्प बसलास.

"का?" मी विचारलं. "माझ्यासाठी?"

"पहिले सहा महिने तुझ्यासाठी," तू म्हणालास. "तीन मुलं होती तुला. म्हटलं, मी सांगण्यात अर्थ नाही, ती सांगेल. आज नाही तर उद्या सांगेल. म्हणून एप्रिलमध्ये आलो विचारायला. तू 'मला ठाऊक आहे, तू नाहीस' एवढं जरी म्हणाली असतीस ना, कोणाला न सांगता, त्या स्वयंपाकघरात, तर मी जन्मभर ते नाव माझ्यावर घेतलं असतं. हेस्टाडमध्येच राहिलो असतो. मला गावाचं काही नव्हतं, मार्लिस."

मग तू आत गेलास आणि इरीनचा फोटो घेऊन आलास. मला दाखवायला नाही. तुझ्या बाजूला ठेवलास. "हिला मी सांगितलं नव्हतं. हिला शेवटपर्यंत थोडी शंका होती माझी. कधी बोलली नाही, पण होती. ते मात्र मी तुला माफ करणार नाही. तसा प्रयत्नही करणार नाही."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू सायकल पिकअपमध्ये टाकलीस आणि मला हेस्टाडपर्यंत आणून सोडलंस. एकाहत्तर मैल, रेडिओही न लावता. गावाच्या पाटीपाशी थांबलास, पाटीच्या आत आला नाहीस. सायकल उतरवताना साखळीत तेल नाही म्हणून मला रागावलास.

आता पुढचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी काउंटीची सभा होती. लोकांनी बोलायची वेळ शेवटी असते. त्याआधी तास-दीड तास पुलाचे कठडे आणि गटारं. बर्नाडेट तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती, मांडीवर पर्स, हात पर्सवर. मी कागद लिहून नेला होता. नऊ ओळी. लेस्टरचं पूर्ण नाव, तुझं पूर्ण नाव, वार, तारीख, आणि मला केव्हापासून ठाऊक होतं ते. वाचताना ओळ चुकली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सावकाश, मार्लिस." मी परत पहिल्या ओळीपासून वाचलं.

कोणीही हसलं नाही. मागून म्हातारा एल्डन टोर्प उठला, ज्याने सहकारी संस्थेच्या फळ्यावरून तुझं नाव पुसलं होतं. तो टोपी घालून बाहेर निघून गेला. परवा तो माझ्या दारात आला होता. "ड्वेनचा पत्ता आहे का?" एवढंच. मी दिला. त्याने लिहिलं की नाही मला ठाऊक नाही, आणि तू वाचावंस असं मी म्हणत नाही.

बर्नाडेट सभा संपल्यावर माझ्याजवळून गेली. म्हणाली, "दोनदा वाचलंस. ठीक." बाहेर तिची गाडी सुरू झाल्याचं ऐकलं.

माझ्या कर्टने फोन केला त्याच रात्री. तू गेलास तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, तुझ्या ट्रॅक्टरवर बसायचा. म्हणाला, "डॅडला उत्तर देता येऊ नये म्हणून तो जाईपर्यंत वाट बघितलीस का? थडग्यावरही कोरून टाक ना!" मी म्हटलं, त्यात खरं आहे तुझं. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मुली येतात, पण स्वयंपाकघरात बसत नाहीत. फोन वाजला की मी धावते आणि तो दुसऱ्याच कोणाचा असतो. एवढ्यावरून तुझ्या बावीस वर्षांचं मला कळलं असं मी लिहिणार होते. लिहिणार नाही. मला तीनच आठवडे झालेत.

वाटेवर मी जाते आता. रोज नाही. नवव्या मैलापर्यंत जाते, कधी बाकावर बसते, परत येते. लोक हात करतात, काही करत नाहीत. पिवळ्या जाकिटांचं जोडपं एकदा भेटलं, बाई लांबूनच ओरडली, "सांगितलं होतं ना!" तिला काही ठाऊक नाही. तिच्याबरोबर मी सहा मैल गेले आणि सहा मैल फक्त टायरमधल्या हवेबद्दल बोललो.

तुझं कार्ड काल आलं. मला वाटलं होतं, सभेचं वाचून काही लिहिशील. मी तुला वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं. कार्डावर एकच ओळ होती. "अक्षर बारीक काढतेस, मोठं काढ, माझे डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मी ते कार्ड उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं.

तर हे पत्र मी जाड पेनाने लिहिलं आहे. नेहमी दोन पानांत मावतं, याला सात लागली. पाकीट बंद होत नव्हतं, चिकटपट्टी लावली आहे. वाचता येतंय का ते कळव.

मार्लिस